कोबीवाल्या बादशहाच्या टॉवरमधून

चऱ्होली, १२ सप्टेंबर

रणजीतदादा,

तुझी चिठ्ठी पोचली. सहा वर्षांनी आलेलं पत्र आणि त्यात शब्द चार. 'आईचं कांद्याचं बी पाठव.' खाली सही नाही, मागे खताच्या दुकानाची जाहिरात. ज्योतीराम म्हणाला, "ताई, दादांनी टेम्पो सुरू झाल्यावर खिडकीतनं आत टाकली. मी म्हटलं फोन लावून देऊ का, तर म्हणले, कांदे सांभाळून ने." बरा माणूस आहे हा तुझा टेम्पोवाला. पारनेरचे कांदे चाकणच्या बाजारात उतरवून वाकडी वाट करून इथपर्यंत आला.

बाकीचं त्याच्याकडून कळलं. इथून जाताना तू आईच्या बियातलं अर्धं नेलं होतंस आणि दरवर्षी लावून जपलं होतंस. यंदा मे महिन्यातल्या पावसाने बियाला ठेवलेले तुझे डेंगळे आडवे केले, बियांचे गोंडे दांड्यावरच कुजले आणि सगळं बी एका आठवड्यात गेलं. वाईट झालं. हे वाक्य लिहिलं खरं, पण लिहिताना काही वाटलं असं म्हणवत नाही. हल्ली मला कशाचंच फारसं वाटत नाही. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. त्रेपन्नाव्या वर्षी सगळंच वयाचं असतं.

बी आहे. गेल्या वर्षी आई गेली त्याआधी महिनाभर तिने स्टीलच्या डब्यात भरून माझ्या हातात दिलं होतं. घरामागच्या तीन गुंठ्यांत तिने स्वतः काढलेलं. डबा स्वयंपाकघरात आहे. काळजी नको. रोप टाकायला अजून दोन महिने आहेत, एवढं मलाही कळतं.

आमचा पत्ता बदलला आहे. आपलं विहिरीचं चार एकर आता 'राजमळा रेसिडेन्सी' आहे. बिल्डरच्या मुलाने, निरंजनने, कुठेतरी वाचलं की जगातल्या मोठमोठ्या राजांना शेतीचं वेड होतं. म्हणून चार टॉवरना चार राजांची नावं: जनक, डायोक्लेशियन, जॉर्ज आणि कांगशी. खरबूज कापताना डोळ्यांत पाणी आलेला एक बादशहाही यादीत होता, पण त्याच्या नावावर फ्लॅट खपणार नाहीत म्हणून वगळला. प्रत्येक लॉबीत राजाची माहिती सांगणारा फलक लावायचा आहे, मराठीत, 'थोडा ह्यूमरस'. ते काम माझ्याकडे आलं आहे. मी लिहायचे ते साप्ताहिक बंद पडल्यापासून माझी जीभ रिकामीच होती. कॉलेजात अकरावीला इतिहास शिकवताना ती वापरली तर पालक तक्रार करतात.

तात्या आणि मी, बापलेक दोघंच, डायोक्लेशियनमध्ये, चौथ्या मजल्यावर. हा रोमचा बादशहा. वीस वर्षं राज्य केलं, मग आपणहून गादी सोडली आणि समुद्रकाठी जाऊन कोबी लावला. परत या म्हणून माणसं विनवायला आली, तर म्हणाला, माझ्या हातचा कोबी बघितला असता तर हे विचारलं नसतंत. आमचा वॉचमन ह्याला डायक्लोफिनॅक टॉवर म्हणतो. त्याला गुडघेदुखीची गोळी माहीत आहे, बादशहा माहीत नाही. कुरियरवालेही तसंच लिहितात आणि पार्सल बरोबर येतं.

फलक तात्यांना वाचून दाखवला. ब्याऐंशी वय, पण पंधरा वर्षं सरपंच होते, कागद ऐकायची सवय गेलेली नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "राज्य सोडून कोबी लावला, व्हय? आन् आमी कोबी सोडून काय लावलं?"

मी खिडकीतून बघितलं. लॉन लावलं आहे.

तुझ्या वाट्याचा फ्लॅट आमच्या समोरच आहे. कुलूप आहे. दारात कुणी चपला काढत नाही, म्हणून तेवढी फरशी नवी दिसते.

मंजुषा


चऱ्होली, २६ सप्टेंबर

दादा,

मागच्या खेपेला ज्योतीराम आला तेव्हा बी दिलं नाही. कॉलेजच्या परीक्षा आहेत आणि डबा वरच्या फळीवर आहे. मला स्टुलावर चढायचं म्हणजे गुडघा आधी विचार करतो. पुढच्या खेपेला देते. तू विचारशील म्हणून सांगते, जागा कोरडी आहे.

तू पहिलं पत्र वाचलंस का, असं ज्योतीरामला विचारलं. तो म्हणाला, "घेतलं, खिशात घातलं आन् पाणी धरायला गेले. वाचलं का म्हणून इचारू नका ताई, मला परत त्यांच्याच शेतात माल भरायचाय."

ठीक. तू वाचतोस असं धरून लिहिते. फलकही लोक वाचतात असं धरूनच लिहायचे असतात.

सध्या जॉर्जवर काम चालू आहे. हा इंग्लंडचा राजा. त्याच्या राज्यात अमेरिका हातची गेली, पण गव्हाच्या पेरणीत आणि मेंढ्यांत त्याचं मन अडकलेलं. लोक त्याला 'शेतकरी जॉर्ज' म्हणून चिडवायचे. व्यंगचित्रं काढायचे, ती दुकानाच्या काचेला लावायचे, आणि रस्त्यावर गर्दी करून हसायचे. राजाने शेतीच्या एका मासिकात पत्रं लिहिली, पण स्वतःच्या नावाने नाही. आपल्या मेंढपाळाच्या नावाने.

तात्या म्हणाले, "मेंढपाळाच्या नावानं का?"

"राजाला शेतीतलं काय कळतंय, असं लोक म्हणाले असते."

"आन् चुकीचं लिवलं आसतं, तर शिव्या मेंढपाळाला."

"हो."

"सरपंच व्हायला पायजे व्हता."

व्यंगचित्रं काढणाऱ्यांबद्दल फलकात काही लिहिलेलं नाही. निरंजन म्हणतो जागा कमी आहे. त्या लोकांचं पुढे काय झालं ते मला कुठे सापडलंही नाही. राजाचं सापडतं. मेंढपाळाचंसुद्धा नाव सापडतं.

तुला यातलं काही आठवत असेल तर आठवू दे. आपण माझ्या त्या लेखाबद्दल कधी बोललो नाही. आताही नको.

तात्यांची तब्येत बरी आहे. जेवण व्यवस्थित आहे. भाकरी, पिठलं, लोणचं. लोणचं यंदा मीच घातलं, मे महिन्यात, मोबाइलवर बघून. आधी ते लोणच्याला हात लावत नसत, आईने घातलेल्यालाही नाही. हे मात्र रोज मागून घेतात.

मंजुषा


चऱ्होली, ११ ऑक्टोबर

दादा,

ज्योतीराम खाली टेम्पो चालू ठेवून थांबला आहे, म्हणून थोडक्यात.

सोबत डबा देत आहे. आईचाच आहे, झाकणावर 'सौ. आक्काबाई भिमाजी' कोरलेलं आहे, साल पुसलं आहे. आत बी आहे. काळं आहे, कोरडं आहे.

चौथ्या टॉवरचा फलक काल संपवला. कांगशी हा चीनचा बादशहा. राजवाड्याच्या बागेत त्याने स्वतःची भाताची खाचरं ठेवली होती. एकदा बघतो तर सगळा भात हिरवा आणि एकच लोंबी पिकून पुढे आलेली. ती त्याने वेगळी काढून ठेवली. पुढच्या वर्षी तेवढीच पेरली. त्याच्या पुढच्या वर्षी परत. मग तीसहून जास्त वर्षं राजवाड्यात त्याच लोंबीच्या पोटातला भात शिजत होता.

तात्या म्हणाले, "राजा आसून त्याला एक बी वरीस चुकवता आलं न्हाई."

हे वाक्य मी फलकात घातलं. निरंजनने काढलं. म्हणाला, निगेटिव्ह वाटतं.

उगवलं की कळव.

मंजुषा


चऱ्होली, २९ ऑक्टोबर

दादा,

डबा परत आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. भरलेलाच. आत चिठ्ठी असेल म्हणून मी सगळं बी परातीत ओतून बघितलं. नव्हती.

ज्योतीरामला समोर बसवून विचारलं, काय झालं ते नीट सांग. तो म्हणाला, "काय न्हाई झालं. दादांनी झाकण काढलं. चिमूटभर तळहातावर घेतलं. अंगठ्यानं चोळलं. मग अंगठ्याकडं बघितलं, ताई, लई वेळ. मग झाकण लावून म्हणले, ज्याचं त्याला दे."

"रागावला?"

"रागावले आसते तर मला बी बरं वाटलं आसतं."

नंतर मी पण चोळून बघितलं. अंगठ्याला पुसट गुलाबी रंग लागतो. मी तीन पाण्यांनी धुतलं होतं तरी राहिला.

तर आता सांगते. ते बी आईचं नव्हतं. चाकणच्या दुकानातून आणलं. पाकीट फोडलं तर आत गुलाबी दाणे, औषध लावलेले. मी चाळणीत घालून नळाखाली धुतले, गॅलरीत दोन दिवस पेपरवर वाळवले आणि काळे झाले म्हणून आईच्या डब्यात भरले. औषध धुतलेलं, भिजवून वाळवलेलं बी. ते उगवलं नसतं हे तिसरीतल्या पोराला कळेल. शेतकऱ्याच्या मुलीला कळलं नाही.

आणि आईचं बी. ते लोणच्यात आहे.

मोबाइलवरच्या त्या बाईने सांगितलं, दोन चमचे कलौंजी घाला. मी फळीवर हात घातला. स्टीलचा डबा, आत काळे टोकदार दाणे. आईने दिलेलं बी त्याच फळीवर आहे, हे माझ्या डोक्यात त्या वेळी नव्हतंच. दोन चमचे घातले. कलौंजीला वास असतो, याला येईना. म्हणून आणखी घातलं. तरी येईना. म्हटलं जुनी झाली असेल, आणि उरलेली सगळी उपडी केली. पाच किलो कैरीत आईचं सगळं बी.

कळलं तात्यांमुळे. पहिल्याच दिवशी त्यांनी फोड तोंडात घातली, दाणा दाताखाली आला, आणि थांबले. "ह्यात कांद्याचं बी कुनी टाकलं?" मी उठून फळीवर बघितलं. डबा रिकामा होता. मी परत येऊन बसले आणि म्हणाले, मी टाकलं. त्यांनी दुसरी फोड घेतली. तेव्हापासून रोज घेतात. एकदा मी म्हटलं, नका खाऊ, मी टाकून देते. तर म्हणाले, "आक्काचं हाय. टाकायचं न्हाई."

मला त्या दिवशी रडू यायला हवं होतं. मी भांडी घासली.

लोणच्यात गेलं नसतं तरी ते मीच घालवलेलं होतं. आईने डबा देताना सांगितलं होतं, "मंजे, कार्तिकात टाक, एक वरीस चुकलं की कांद्याचं बी थकतं." गेल्या वर्षी कार्तिकात मी पेपर तपासत होते. आपले तीन गुंठेही तोवर बिल्डरच्या पत्र्याच्या कुंपणात गेलेले. कुठे टाकणार होते? पण शोधलंही नाही.

आता दुसरं. नको म्हटलं होतं, तरी लिहिते, कारण परवा निरंजन तो लेख घेऊन आला. कुणाच्या तरी मोबाइलमध्ये त्याला कात्रणाचा फोटो सापडला. "ताई, हे तुमचं आहे? खतरनाक आहे. मेन गेटला पाचवा फलक करू. लोकल कनेक्ट."

तुला पाठ असेल. 'चऱ्होलीत शेवटचे एक महाराज उरले आहेत. साम्राज्य चार एकर, सैन्य दोन बैल, खजिना कांद्याच्या चाळीत. बिल्डर तहाची बोलणी करायला येतात तेव्हा महाराज चिखलात उभे राहून पाणी धरत असतात आणि वकिलाला सांगतात, पुढच्या पाळीला या.'

लोक फार हसले. मला चाळीस फोन आले. सोनूने सलूनच्या आरशाला कात्रण चिकटवलं, आणि दाढीला येणारा प्रत्येक जण तुला विचारायला लागला, काय महाराज, कांद्याला काय भाव? शाळेतली पोरंही म्हणायला लागली. चार वर्षं बिल्डर, तात्या, भावकी, कुणीही तुझी सही मिळवू शकलं नव्हतं. लेख छापून आल्यावर नवव्या दिवशी तू रजिस्ट्रार कार्यालयात आलास, सही केलीस आणि पेन माझ्या हातात दिलंस. टेबलावर ठेवता आलं असतं.

मी सगळ्यांना सांगत आले की व्यवहार सगळ्यांच्या संमतीने झाला. झालाच. तात्यांनी केली, मी केली, तू केलीस. फक्त तुझी सही मी विनोद करून घेतली.

तो लेख वाईट नव्हता. हेही खरं सांगते. आजही वाचला तर कुठलं वाक्य काढावं कळणार नाही. त्यामुळे माफी कशाची मागायची तेही मला नीट ठरवता येत नाही.

निरंजनला म्हटलं, माझ्याकडे प्रत नाही, आणि तो फोटो लावलास तर चारही फलक परत घेईन. तो म्हणाला, कूल. त्याला पर्यायी एखादा राजा हवा आहे.

तुझं बी मी घालवलं. रोप टाकायला तीन आठवडे आहेत. मला दुसरा उपाय सुचत नाही.

मंजुषा


चऱ्होली, ९ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र मिळेल त्या दिवशीच वाच. आधीचं वाचलं नसलंस तरी चालेल.

उपाय तात्यांना सुचला. मला नाही. परवा जेवताना म्हणाले, "आक्कानं बी कुठून आनलं व्हतं? माहेरातनं. लग्नात वटीत घालून दिलं व्हतं. दर साली वाणवळा म्हनून थोडं म्हाळुंग्याला परत धाडायची." मी म्हटलं, मामांची जमीन तर कंपनीत गेली पस्तीस वर्षांपूर्वी. तात्या म्हणाले, "जमीन गेली. लक्षुमन कुठं गेलाय?"

काल रविवारी महाळुंग्याला गेले. लक्ष्मणमामा, आईचे धाकटे भाऊ, आता शहात्तर. त्यांना शेवटचं आईच्या दहाव्याला आळंदीच्या घाटावर बघितलं होतं. तूही होतास तेव्हा. पायरीवर पलीकडच्या बाजूला.

दोन कंपन्यांच्या भिंतींच्या मध्ये एक बोळ आहे. एकीकडे गाड्यांचे दरवाजे बनवतात, दुसरीकडे काय बनवतात ते मामांनाही माहीत नाही, पण दर अर्ध्या मिनिटाला काहीतरी आपटतं. त्या बोळाच्या टोकाला आठ गुंठ्यांचा तिरका तुकडा आहे. मोजणी झाली तेव्हा दोन्ही भिंती सरळ घेतल्या आणि हा मध्येच राहिला. ना ह्या कंपनीचा, ना त्या. मामा वीस वर्षं त्यांच्याच जमिनीवरच्या गेटला वॉचमन होते. "माज्याच बांधावर जायला मला पास लागायचा," म्हणाले. "ह्या तुकड्याला पास लागत न्हाई. त्यांच्या नकाशात ह्यो न्हाईच."

त्या तुकड्यात ते दरवर्षी कांदा लावतात. खायला थोडा आणि बियाला चार वाफे. भिंतीच्या आडोशाने मे महिन्यात वारा लागला नाही, आणि वर मामांनी कंपनीतून फेकलेलं प्लास्टिक टाकलं होतं. त्यांचं बी वाचलं. आईचंच बी, दादा. तिच्या आईचं म्हणायचं खरं तर. गाडग्यात राखेत घालून ठेवलं आहे. यंदाचं.

मी हात पुढे केला. मामांनी गाडगं मागे घेतलं.

"तू लावनार हायेस?"

"नाही. दादाला पाठवणार."

"कसं?"

"टेम्पो येतो त्याच्याकडचा."

"बी टेम्पोनं जात न्हाई. जो लावनार त्यानं यायचं, त्याच्या हातात द्यायचं. आक्काला आईनं दिलं ते हातानंच. आन् तुज्या हातात आक्कानं दिलं व्हतंच की. त्याचं काय झालं?"

सांगितलं. सगळं सांगितलं, धुतलेलं गुलाबी बीसुद्धा. पलीकडे चार वेळा आपटलं. मग मामा मामींना हाक मारून म्हणाले, "अगं ऐकलंस का, आक्काच्या पोरीनं बियाचं लोनचं घातलं. मास्तरीन हाय."

त्या दोघांना जे हसू आलं ते मी बसून बघितलं. मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि आतून पुन्हा आवाज आला. गावाने माझ्यावर हसायची ही पहिलीच वेळ. गुडघ्यावर हात ठेवून बसून राहायचं असतं, दुसरं काही करता येत नाही. तू नऊ दिवस हे केलंस.

तर मामांची अट अशी. तू स्वतः यायचं. बी हातात घ्यायचं. आणि जेवढं नेशील तेवढं पुढच्या मे महिन्यात, तुझ्या डेंगळ्यांचं, परत आणून द्यायचं. तेही हातानेच. पंचवीस तारखेच्या आत आलास तर बरं, मग उशीर होईल म्हणाले.

मी तिथे नसेन. मामांना तसं सांगून आले आहे. चऱ्होलीला यावं लागणार नाही. नाशिक फाट्याकडून येऊ नकोस, तिथे खोदलं आहे. शिक्रापूरवरून चाकणला उतर.

लोणच्याची बरणी मामींकडे ठेवून आले आहे. अर्धी उरली आहे. ती आईची आहे, त्यामुळे तुझाही अर्धा वाटा निघतो. घ्यायची नसेल तर ठेव तिथेच.

मंजुषा


चऱ्होली, २४ नोव्हेंबर

दादा,

काल दुपारी तू महाळुंग्याला येऊन गेलास. आज सकाळी मामांचा फोन आला. त्यांनी मुद्दाम एक दिवस थांबून केला. म्हणाले, "लगीच केला आसता तर तू निघाली आसतीस." मी निघाले नसते. पण कुणाला तसं वाटलं, हे ऐकून ठेवलं.

म्हणजे तू वाचतोस.

मामांनी सांगितलं तेवढं लिहिते. तू मोटारसायकलवर आलास, पारनेरपासून. केस पांढरे झाले आहेत. आल्याआल्या तुकड्यात गेलास आणि चारही वाफ्यांच्या कडेने चालत आलास. मामांनी गाडग्यातून बी काढलं, राख पाखडली. तू खिशातून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढलास आणि त्यात घेतलंस. हा तुकडा तुझ्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. मी सगळी लुगडी वाटून टाकली, असं समजत होते.

मग जेवायला बसलात. भाकरी, वांग्याचं कालवण. मामींनी बरणी पुढे ठेवली. तू बरणीकडे बघितलंस. मग एक फोड घेतलीस. मामा म्हणाले, इतक्या वेळात भिंतीपलीकडे दहा वेळा आपटलं असेल. मग तू म्हणालास, "मीठ कमी हाय."

मामा म्हणाले, "तिला सांग की."

तू म्हणालास, "तुमी सांगा."

आणि निघताना बरणी घेऊन गेलास. हँडलला पिशवीत अडकवून. पिशवी फाटकी होती म्हणून मामींनी खालून फडकं बांधून दिलं.

चऱ्होलीला आला नाहीस. महाळुंग्यापासून पाऊण तास, कंपन्या सुटायच्या वेळी दीड. तात्या गॅलरीत बसले होते. काल तू येणार हे मला माहीत नव्हतं, त्यांना कसं कळलं असेल कोण जाणे, पण पांढरी टोपी घालून बसले होते. फाटकातून आत येणारी प्रत्येक मोटारसायकल बघत होते. पिझ्झावाले दोन आले.

फोन झाल्यावर त्यांना सगळं सांगितलं. बी मिळालं, घेऊन गेला. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "काय म्हनला?"

"लोणच्यात मीठ कमी आहे म्हणाला."

"हाय तसं," तात्या म्हणाले. "मी बोललो न्हाई."

दुपारी निरंजन आला. पाचव्या फलकासाठी राजा सापडला का, विचारत होता. म्हटलं नाही. मग त्याने डायोक्लेशियनच्या लॉबीत आमचा फलक लावून घेतला. वॉचमन उभा राहून पूर्ण वाचत होता. वाचून झाल्यावर मला म्हणाला, "मॅडम, हा राजा परत गेला का नाही?" म्हटलं, नाही गेला. "मग कोबीचं काय झालं?" ते कुठे लिहिलेलं नाही, म्हटलं.

आजही जेवताना तात्यांनी सवयीने लोणचं मागितलं. आठवलं, मग म्हणाले, राहू दे.

तुझं रोप आता वाफ्यात पडलं असेल. मामांचं परत द्यायचं बी मे महिन्यात निघेल. कैऱ्याही तेव्हाच येतात. बरणी महाळुंग्याला येताना घेऊन ये, धुवायची गरज नाही.

पाच किलो कैरीला मीठ किती, ते लिहून पाठव. आई वाटीने घालायची, ती वाटी कुठली होती ते मला आठवत नाही. ज्योतीराम शनिवारी येतो.

मंजुषा